रा.वन : नावाला न जागलेला रावण

रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यातील कंकाली मठाची दारे वर्षातून एकच दिवस उघडतात, आणि तो दिवस विजयादशमीचा असतो. मठात जपून ठेवलेल्या जुन्या तलवारी, भाले, ढाली त्या दिवशी दर्शनासाठी मांडल्या जातात, त्यांची पूजा होते, सकाळपासून रांगा लागतात. आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा वर्षभराचे कुलूप. तळ्याकाठच्या मंदिरात वास करणारी देवी त्या एका दिवसापुरती मठात परतते, अशी श्रद्धा आहे. सायंकाळी हीच गर्दी रावणभाठ्याकडे किंवा डब्ल्यूआरएस कॉलनीच्या मैदानाकडे वळते. पाऱ्यातील, म्हणजे मोहल्ल्यातील, मराठी घरे भोसल्यांच्या अमदानीपासून छत्तीसगडात रुजलेल्या समाजाचा वारसा सांगणारी. रावण जळून गेल्यावर त्यांच्याकडे आपट्याच्या पानांचे सोने द्यायचे आणि घ्यायचे, एवढा कार्यक्रम उरतो.

शहराबाहेर पडले की आणखी एक दृश्य दिसते, जे महाराष्ट्रातून येणाऱ्या पाहुण्याला चकित करते. अनेक गावांत रावणाचे सिमेंटचे कायमस्वरूपी पुतळे आहेत. दहा तोंडांचा, मिशा पिळलेला रावण ऊनपाऊस सोसत बारा महिने उभा असतो. कागदाचा रावण एका रात्रीत राख होतो. हा मात्र दसरा संपला तरी जागचा हलत नाही. ज्या प्रदेशात खलनायकाला अशी कायमची जागा दिलेली आहे, तेथील प्रेक्षकाने रावणाचे नाव धारण करून आलेल्या पडद्यावरील खलनायकाकडून काही अपेक्षा बाळगली, तर तिला अवाजवी म्हणता येणार नाही.

ही अपेक्षा 2011 साली निर्माण झाली होती. त्या वर्षी 6 ऑक्टोबरला दसरा झाला आणि बरोबर वीस दिवसांनी, दिवाळीत, ‘रा.वन’ प्रदर्शित झाला. अनुभव सिन्हा यांचे दिग्दर्शन, शाहरुख खान नायक, आणि त्या काळातील सर्वांत महागड्या हिंदी चित्रपटांपैकी एक अशी ख्याती. पुढे विशेष दृश्यपरिणामांसाठी त्यास राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला, आणि तो योग्यच होता. तंत्राच्या बाबतीत हिंदी चित्रपटाने त्या दिवाळीत मोठी मजल मारली, हे मान्य करावयास हवे. तक्रार तंत्राबद्दल नाही. तक्रार आहे ती ज्याच्या नावाने चित्रपट काढला, त्याच्याबद्दल.

मुळात कल्पना किती सुंदर होती, हे आधी सांगितले पाहिजे. लंडनमध्ये राहणारा शेखर सुब्रमण्यम संगणकावरील खेळ तयार करतो. त्याचा मुलगा प्रतीक याला बापाचे भाबडे, धडपडे वागणे आवडत नाही. त्याला सज्जन नायकांचाही कंटाळा आला आहे. त्याला हवा आहे कधीही न हरणारा खलनायक. मुलाच्या मनात जागा मिळावी म्हणून बाप तसा खलनायक घडवतो. प्रतीक ‘ल्युसिफर’ हे टोपणनाव घेऊन खेळतो, पहिल्याच फेरीत खलनायकाला भारी पडतो आणि खेळ अर्ध्यावर थांबतो. हरणे ज्याच्या घडणीतच नाही, तो हा खलनायक अर्धवट राहिलेला डाव पूर्ण करण्यासाठी पडद्याबाहेर, खऱ्या जगात येतो. ल्युसिफरला शोधताना तो शेखरपाशी पोहोचतो. मुलाला वाचविण्यासाठी शेखर स्वतःच ल्युसिफर असल्याचे सांगतो आणि जीव गमावतो.

बापाने मुलाच्या प्रेमासाठी केलेली भेटवस्तूच बापाचा घास घेते. भस्मासुराची कथा ज्या समाजात आजी नातवंडांना झोपताना सांगते, त्या समाजाला या कथेचे मर्म समजावून सांगण्याची गरज नाही. येथे तीन माणसांचे, किंवा दोन माणसांचे आणि एका यंत्राचे, नाते तयार होते: मागणारा मुलगा, देणारा बाप आणि दिलेला राक्षस. या त्रिकोणात एखाद्या शोकांतिकेचे बीज होते. परंतु चित्रपट ते पेरतो आणि पाणी घालण्याचे विसरतो.

शेखरला मारताना आपण आपल्या कर्त्याला मारीत आहोत, याची जाणीव रा.वनला आहे काय? असल्यास त्याचे त्याला काय वाटते? नसल्यास पुढे कधी ती होते काय? यांपैकी एकाही प्रश्नाजवळ कथा थांबत नाही. खलनायकाचे चेहरे मात्र बदलत राहतात. प्रथम तो शेखरच्या एका सहकाऱ्याचे रूप घेतो. चित्रपट बराच पुढे सरकल्यावर, मुंबईत आल्यानंतर, जाहिरातीतील एका मॉडेलचा चेहरा उचलतो आणि अर्जुन रामपाल पडद्यावर येतो. प्रेक्षकाला ज्याचा धाक वाटावा, त्याची ओळख पटेपर्यंत चित्रपटाचा मोठा भाग खर्ची पडलेला असतो. बँकेच्या भाषेत सांगावयाचे तर कर्ज मोठे मंजूर झाले, पण रक्कम उचलली गेली ती शेवटच्या महिन्यात, आणि तीही अर्धीमुर्धी.

मधल्या काळात तो काय करतो? पाठलाग करतो, मोडतोड करतो, प्रतीकच्या आईला धावत्या लोकलमध्ये अडकवतो. ती गाडी थांबविण्याच्या झटापटीत मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसच्या (2017 पासून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या) देखण्या वास्तूची पडद्यावर जी वाताहत होते, ती पाहून कोणाही मुंबईकराचा जीव कळवळला असेल. दृश्य थरारक आहे यात शंका नाही. पण त्या जागी भूकंप असता, महापूर असता, तरी कथेत फारसा फरक पडला नसता. आपत्ती आणि खलनायक यांत हाच भेद असतो की आपत्तीला इच्छा नसते. रा.वनला एकच इच्छा दिली आहे, ल्युसिफरला संपविण्याची, आणि ती त्याच्या आज्ञावलीत लिहिलेली आहे. ती त्याची स्वतःची कधी होतच नाही.

एका प्रसंगापुरती मात्र ती त्याची होते. मुंबईत दसऱ्याची संध्याकाळ आहे, रावणाचा पुतळा पेटला आहे, लोक जल्लोष करीत आहेत, आणि हा नवा रावण शांतपणे ती आग पाहत उभा आहे. तो जे म्हणतो त्याचा आशय असा, की तुम्ही रावणाला दरवर्षी जाळता, कारण तो कधी मरत नाही. सबंध चित्रपटात हा एकच क्षण असा आहे की जेथे खलनायक आपल्या नावाचा अर्थ जाणतो. सिमेंटच्या रावणाच्या पायाशी खेळून मोठ्या झालेल्या छत्तीसगडी पोराला हे वाक्य कळावयास पटकथाकाराची मदत लागत नाही. ते त्याने रोज पाहिलेले असते. त्या क्षणी असे वाटते की आता कथा खरी सुरू होईल. जो मरत नाही म्हणतो, त्याला मारावयाचे कसे, हा प्रश्न चित्रपटाने स्वतःच स्वतःपुढे ठेवला आहे. आता उत्तरही त्याच तोलाचे असणार.

उत्तर येते ते असे. खेळाच्या नियमानुसार ‘हार्ट’ नावाचे एक शक्तिकेंद्र आहे. ते अंगावर असेल त्याचे बळ वाढते, परंतु ते अंगावर असतानाच त्याला मारता येते. नायक जी.वन, म्हणजे ‘जीवन’, युक्तीने आपले हार्ट रा.वनच्या हाती पडू देतो. अधिक बलवान झालेला रा.वन स्वतःची दहा रूपे करून समोर उभा राहतो. बंदुकीत गोळी एकच. दहांतला खरा कोण? तेव्हा लक्षात येते की दहांपैकी एकाचीच सावली जमिनीवर पडली आहे. गोळी सुटते, रावणाचे चौकोनी तुकडे हवेत विरतात, आणि चित्रपट संपण्याच्या मार्गाला लागतो.

त्या दिवाळीत ब्राह्मणपाऱ्यातील एका मराठी घरात चित्रपट पाहून परतलेल्या दहा वर्षांच्या नातवाने जेवताना विचारलेला प्रश्न मोठ्या समीक्षकालाही सुचला नसता.

“आजोबा, सावली नसती तर तो मेलाच नसता का?”

आजोबा शासकीय सेवेतून निवृत्त झालेले, दररोज आनंद समाज वाचनालयात जाऊन वर्तमानपत्रे चाळणारे. ते म्हणाले, “नसता मेला. सापडलाच नसता.”

“म्हणजे तो चुकला कुठे?”

या दुसऱ्या प्रश्नावर आजोबांनी भाताचा घास तसाच धरून ठेवला. त्यांना लहानपणी त्यांच्या आजोबांनी सांगितलेला रावण आठवला असावा. कारण त्या रावणाविषयी हा प्रश्न विचारला असता तर उत्तर लगेच देता आले असते.

त्या रावणाने ब्रह्मदेवाकडे अभय मागितले ते देवांपासून, गंधर्वांपासून, यक्षांपासून, राक्षसांपासून. माणूस त्याच्या खिजगणतीतही नव्हता. माणसाला तो गवताच्या काडीसमान समजत असे. म्हणून त्याचे मरण माणसाच्या हातून आले. त्याचा अंत त्याच्या वरातच लिहिलेला होता, आणि तो वर मागतानाचे शब्द त्याचेच होते. युद्धातला बाण हे निमित्त. उत्तरेत घरोघरी ठाऊक असलेली नाभीतल्या अमृताची कथा घेतली, तरी ते रहस्य रामाला सांगतो तो बिभीषण, म्हणजे रावणाने लाथाडून घालविलेला सख्खा भाऊ. येथेही मरणाची वाट रावणाच्याच वर्तनातून निघते. आणि तो पडल्यावर राम बिभीषणाला सांगतो की वैर मरणापर्यंतच असते, आता याचे संस्कार कर, तो जसा तुझा तसाच माझाही. खलनायकाला इतका पूर्ण, इतका सन्मानाचा शेवट देणारी कथा ज्यांच्या घरात आहे, त्यांनी सावलीवर समाधान का मानावे?

वास्तविक रा.वनच्या शेवटातही याच जातीचा एक धागा होता, आणि तेच अधिक खटकते. हार्टचा नियम पाहा: जो अधिक शक्ती घेईल, तो मर्त्य होईल. हा नियम म्हणजे वरदानाच्या कथेचेच आधुनिक रूप. रा.वनला शक्तीची हाव आहे, त्या हावेपायी तो मरण स्वतःच्या छातीवर लावून घेतो, असे दाखविता आले असते. त्यासाठी ती हाव आधीपासून दिसावयास हवी होती. त्याने एकदा तरी त्या हार्टकडे, त्या धडधडीकडे, हपापलेल्या नजरेने पाहावयास हवे होते. दोघेही एकाच हाताने घडवलेले, म्हणजे एका अर्थी भाऊच. पण ही गोष्ट चित्रपटात काही मिनिटांत, झुंजीच्या धावपळीत उरकली जाते. मग सावलीचे कोडे येते आणि प्रेक्षकाचे सारे लक्ष दहा आकृत्यांच्या पायांकडे जाते. खलनायकाला समजून घेण्याऐवजी त्याला नुसते ओळखून काढण्यात शेवट संपतो.

याच्या एकच वर्ष आधी, 2010 मध्ये, शंकर दिग्दर्शित ‘एंदिरन’ हा तमिळ चित्रपट आला. हिंदीत तो ‘रोबोट’ नावाने गाजला. त्यातही माणसाने घडविलेले यंत्र आहे, त्यातही ते कर्त्यावर उलटते, आणि त्यातही ते स्वतःच्या असंख्य प्रतिकृती काढते. परंतु चिट्टी नावाचा तो यंत्रमानव खलनायक होण्यापूर्वी प्रेक्षकाने त्याला शिकताना पाहिलेले असते, प्रेमात पडताना पाहिलेले असते, नाकारला जाताना पाहिलेले असते. त्याचा क्रूरपणा कोठून आला हे ठाऊक असते. म्हणूनच न्यायालयाच्या आदेशानुसार तो स्वतःच्या हातांनी स्वतःचे सुटे भाग काढू लागतो, तेव्हा चित्रपटगृहात शांतता पसरते. त्यानंतर वस्तुसंग्रहालयात ठेवलेले त्याचे मस्तक एका विद्यार्थिनीला सांगते की आपण विचार करू लागलो, म्हणून आपल्याला मोडले. खलनायकाच्या अंताची वेळ संपली तरी मनातून न जाणारा असा शेवट अलीकडच्या काळात विरळाच. गंमत अशी, की हाच चिट्टी ‘रा.वन’मध्ये पाहुणा म्हणून क्षणभर येऊन जातो. त्याच्या येण्याने टाळ्या पडतात, पण तुलना करण्याची आयती सोयही होते, याचा विचार बहुधा कोणी केला नसावा.

फार मोठी कलाकृती असावी लागते असेही नाही. ‘मिस्टर इंडिया’तील (1987) मोगॅम्बो ज्या क्षेपणास्त्रांनी हिंदुस्थान बेचिराख करणार असतो, त्याच क्षेपणास्त्रांच्या स्फोटात तो संपतो, पोरासोरांनाही हिशेब चोख कळतो. आपल्या महेश कोठारे यांच्या ‘झपाटलेला’तील (1993) तात्या विंचूला तर बाहुल्याचे शरीर आहे, पण मृत्युंजय मंत्र, दोन भुवयांच्या मधोमध गोळी लागल्यासच मरण, ही सारी बंधने कथेत हळूहळू मुरलेली असतात, त्यामुळे शेवटची गोळी सुटते तेव्हा प्रेक्षक आधीपासून श्वास रोखून बसलेला असतो. (तात्या विंचूला पुढे वीस वर्षांनी पुन्हा यावेसे वाटले, ही गोष्ट वेगळी.) उलटपक्षी ‘द डार्क नाइट राइजेस’ (2012) या बॅटमॅनपटात सबंध शहराला वेठीस धरणारा बेन हा प्रत्यक्षात दुसऱ्याच कोणाचा तरी रक्षक असल्याचे ऐन शेवटी उघड होते, आणि पुढच्या काही क्षणांत तोफेच्या एका गोळ्याने त्याचा निकाल लागतो. पैसा आणि प्रतिभा यांची वाण नसलेल्या ठिकाणीही असे घडते, तेव्हा हा दोष केवळ मुंबईचा नाही.

कोणी म्हणेल की हा लहान मुलांसाठीचा दिवाळीचा चित्रपट. खलनायकाने यावे, गोंधळ घालावा आणि हरावे, एवढेच त्याचे काम. इतकी चिकित्सा कशाला? या आक्षेपात तथ्य नाही असे नाही. चित्रपटगृहात मुले खूश होती, पालक खूश होते, पैसे वाया गेले असे ब्राह्मणपाऱ्यातील त्या घरातही कोणी म्हटले नाही. पण चित्रपटाच्या मध्यभागी एक लहान मुलगाच आहे, हे विसरून कसे चालेल? प्रतीकने न हरणारा खलनायक मागितला. त्याच्या मागणीपायी त्याचा बाप गेला. हे ओझे दहा-बारा वर्षांच्या पोराने कसे वाहावे? खलनायकाच्या कथेला खरा शेवट मिळाला असता, तर त्या पोराच्या मनातील गाठही तेथेच सुटली असती. रा.वनच्या तोंडून एकदा तरी यावयास हवे होते की मला तू मागितलेस. किंवा प्रतीकने त्याला म्हणावयास हवे होते की तुला माझ्या बाबांनी माझ्यासाठी केले. दोघे शेवटी समोरासमोर असतात, आणि मध्ये असतात दहा सावल्यांचा हिशेब व एक गोळी. जी.वन परत येण्याची सोयही पटकथेने करून ठेवली आहे, त्यामुळे बापाच्या चेहऱ्याचा नायक मुलाला पुन्हा मिळतो. हे गोड आहे. पण जे मागून घेतले होते त्याचे काय झाले, हा प्रश्न तसाच राहतो, आणि मुलांच्या तो लक्षात राहतो.

ब्राह्मणपाऱ्यातील आजोबांनी त्या रात्री नातवाला उत्तर दिले नाही. पुढच्या वर्षी दसऱ्याला मठातील शस्त्रे पाहून झाल्यावर त्यांनी त्याला रावणभाठ्याला नेले आणि वाटेत वरदानाची सगळी गोष्ट, देव, गंधर्व, यक्ष असे क्रमाने नाव घेत, पुरती सांगितली. “माणूस म्हणायला विसरला?” असे नातवाने विचारले, तेव्हा ते म्हणाले, “विसरला नाही. गरज वाटली नाही त्याला.”

तो नातू आता विशीत आहे आणि नोकरीनिमित्त पुण्यास असतो. ‘रा.वन’ अजूनही अधूनमधून दूरचित्रवाणीवर लागतो. तो पाहतो, पण दसऱ्याची आग पाहत उभ्या असलेल्या अर्जुन रामपालपर्यंतच. त्यानंतर तो वाहिनी बदलतो.